क्रंचीरोलची वाटचाल

जपानमध्ये ॲनिमे मालिकेचा भाग टीव्हीवर लागायचा आणि अमेरिकेतल्या चाहत्यांना त्याच्या अधिकृत डीव्हीडीसाठी अनेकदा वर्ष-दोन वर्षं थांबावं लागायचं. ही उणीव भरून काढली हौशी भाषांतरकारांनी. रात्री जागवून, एक पैसाही न घेता ते इंग्रजी सबटायटल्स तयार करत. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या काही तरुणांनी क्रंचीरोल ही व्हिडिओ साइट सुरू केली, तेव्हा प्रेक्षक तिथे हेच भाग अपलोड करू लागले. निर्मात्यांची परवानगी अर्थातच नव्हती.

२००८ मध्ये व्हेनरॉक या गुंतवणूक कंपनीने त्यात ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम घातली आणि वाद पेटला. रीतसर हक्क विकत घेणाऱ्या फ्युनिमेशन आणि बंडाई यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ती रास्तच होती. दुसऱ्याच्या कष्टांवर जमवलेल्या गर्दीला भांडवल मिळत होतं.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोंझो या स्टुडिओने वेगळा विचार केला. ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ आणि ‘ब्लासराइटर’ या आपल्या नव्या मालिका त्याने जपानबरोबरच क्रंचीरोलवरही दाखवल्या. चाहत्यांना वेळेवर मालिका हवी होती. ती देता येते, हे यातून सिद्ध झालं. पुढे टीव्ही टोकियोशी करार झाला. ‘नारुतो शिप्पुदेन’चा नवा भाग जपानी प्रक्षेपणानंतर तासाभरात पैसे भरणाऱ्या सभासदांना आणि आठवड्याने इतरांना फुकट दिसू लागला.

८ जानेवारी २००९ रोजी क्रंचीरोलने विनापरवाना असलेलं सगळं काढून टाकलं.

हा निर्णय धाडसाचा होता. ज्या साठ्यामुळे प्रेक्षक आले, तोच गेला. तरीही साइट टिकली, कारण चोरीच्या प्रतीइतकीच लवकर, आणि अधिक चांगल्या दर्जाची, अधिकृत प्रत तिथे मिळत होती. २०१७ पर्यंत पैसे भरणारे सभासद दहा लाखांवर गेले. २०२१ मध्ये सोनीने आपल्या मालकीच्या फ्युनिमेशनमार्फत ११७.५ कोटी डॉलरला क्रंचीरोल विकत घेतलं. एकेकाळी आक्षेप घेणारी कंपनीच आता खरेदीदार होती. पुढे नाव मात्र क्रंचीरोलचंच राहिलं.

एप्रिल २०२४ मध्ये फ्युनिमेशनची सेवा बंद झाली. डिस्कबरोबर मिळालेल्या डिजिटल प्रती ज्यांनी तिथल्या खात्यात जमा केल्या होत्या, त्यांना त्या क्रंचीरोलवर आणता आल्या नाहीत. पैसे मोजून कायद्याने वागलेल्या या प्रेक्षकांच्या प्रती शाबूत ठेवण्याची सोय सेवा बंद करण्याआधीच व्हायला हवी होती.