वाशिम सोडण्याआधी पाहून घे

पहिला क्रमांक आधीच सांगून टाकते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. बाकीच्या विनोदी मालिकांवर आमच्या घरात रोज वाद झाले, माझ्या बहिणीने यादीतली दोन नावे खोडली, भाचीने परत लिहिली. पण टिपरे पहिल्या जागेवरून हलले नाहीत.

ही क्रमवारी करायला निमित्त झाले ते भाचीच्या पुण्याला जाण्याचे. वाशिम जिल्ह्यात जूनमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात, सोयाबीनची पेरणी आणि पोरापोरींची पांगापांग. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्याचा रात्रीचा ट्रॅव्हल्सचा थांबा पाहा. बारावी झालेले, पदवी झालेले, पहिल्या नोकरीला निघालेले, आणि त्यांच्यासोबत बॅगा उचलायला आलेले अर्धे घर. आमची पोर म्हणाली, “मावशी, तुमी लोक ज्याच्यावर एवढे हासता ते मले जायच्या आंधी दाखवा.” म्हणून संध्याकाळी जेवणे आटोपली की आम्ही मोबाइल टीव्हीला जोडून जुन्या मालिका बघत बसलो.

अशा यादीला मोजपट्टी लागते. ‘सर्वांत जास्त हसू कशाला आले’ ही मोजपट्टी मला अपुरी वाटते. घर सोडून जाणाऱ्या मुलीला उद्या परक्या माणसांसोबत एका खोलीत राहायचे आहे. एकमेकांच्या सवयींचा वैताग येऊनही माणसे एका छपराखाली कशी टिकतात, हे ज्या मालिकेने हसतहसत दाखवले ती माझ्या यादीत वर.

आता टिपरे. दिलीप प्रभावळकरांनी ‘अनुदिनी’ लिहिले ते टिपरे कुटुंबाच्या दैनंदिनीच्या रूपात. त्यावरून केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका 2001 साली अल्फा मराठीवर आली आणि 2004 पर्यंत चालली. घरात माणसे पाच. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका आणि नातू शिऱ्या. खलनायक नाही, कारस्थान नाही, कुणाच्या लग्नाचा चारशे भागांचा घोळ नाही. आठवड्यातून एकदा एक साधी अडचण यायची आणि पाचही जण आपापल्या परीने ती वाढवायचे. राजन भिसे यांचा शेखर वैतागला तरी त्याच्या वैतागात विखार नसायचा, आणि शुभांगी गोखले यांची श्यामला तर मला अजूनही मराठी मालिकांमधली सर्वांत खरी गृहिणी वाटते. ती चुकते, रुसते, मिरवते, आणि कुणी तिला देवी करून ठेवत नाही. आबांना घर आदर देते पण सूट देत नाही. म्हातारा माणूस घरातला एक सभासद म्हणून हास्याचा धनी होतो, त्याची टिंगल मात्र होत नाही. हे तोलणे फार अवघड आहे. नंतरच्या कित्येक मालिकांत आजोबा एक तर उपदेश करतात किंवा विसरभोळे असतात.

आमच्याकडे त्या काळी आणि पुढे काही वर्षे भारनियमनाने छळले. भाग अर्धा झाला की दिवे जायचे. मग उरलेला भाग ओसरीवर बसून आम्हीच रचायचो, आई श्यामलाच्या बाजूने, आमचे आजोबा आबांच्या बाजूने. एखादी मालिका प्रेक्षकाला इतकी ओळखीची होते की तिचा शेवट त्याला स्वतः लावता येतो, याहून मोठी पावती कोणती असेल?

इथे प्रभावळकरांच्याच चिमणरावाबद्दल बोलायला हवे, आणि नेमका तोच मला क्रमवारीबाहेर ठेवावा लागला. चिं. वि. जोशींच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ दाखवले; प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पण मुंबई केंद्र 1972 साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यापर्यंत पोचले, तरी वऱ्हाडात त्याचा उपयोग शून्य होता. नागपूरचे केंद्र उघडले ते 1982 साली. मुंबई-पुण्याची एक अख्खी पिढी ज्या मालिकेच्या आठवणीने आजही हळवी होते, ती आमच्या जिल्ह्याने पाहिलीच नाही. आमचा चिमणराव वाचनालयातला, जोशींच्या पुस्तकातला. त्याला क्रमांक देणे म्हणजे ऐकीव गोष्टीवर निकाल देणे झाले असते.

आमच्याकडे टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो 1984 नंतर, लहान प्रक्षेपण केंद्रांचे जाळे देशभर पसरले तेव्हा. त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. शरद जोशींचे लेखन, शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचे जोडपे, बायकोच्या भावाच्या भूमिकेत राकेश बेदी, आणि प्रत्येक भागात नवे सोंग घेऊन येणारे सतीश शाह. पुढच्या सगळ्या हिंदी विनोदी मालिकांची वाट तिने आखली, तो मान तिचाच. भाचीला मात्र ती संथ वाटली आणि माझाही फार आग्रह नव्हता.

‘नुक्कड’वर मात्र मी हटून बसले. 1986 साली आलेली, कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांची. ही विनोदी मालिका आहे का, असा प्रश्न घरात निघाला. आहे, आणि वर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. वायरमन गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई, शाळेतल्या टीचरजी, दारूत बुडालेला खोपडी, अजय वाढावकरांचा गणपत हवालदार. एकाचेही एकाशी नाते नाही. पोटासाठी एका कोपऱ्यावर गोळा झालेली ही माणसे एकमेकांकडून उसने घेतात, भांडतात आणि एखाद्यावर वेळ आली की दुकाने बंद करून धावतात. समीर खक्कर यांचा खोपडी पडला की आपण हसतो, आणि त्याला उचलायला कोण येते तेही बघतो. घर सोडून निघालेल्याला हीच मालिका सर्वांत आधी दाखवावी. पुण्यात तिला नातेवाईक थोडे आणि असा एखादा कोपरा जास्त लागणार आहे. दुसरा क्रमांक.

तिसरा ‘वागले की दुनिया’ला. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून 1988 साली आलेला हा वागले, कुंदन शाह यांचेच दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. पगारात बसणारे प्रामाणिकपण सांभाळणारा माणूस. व्यवस्था त्याला रोज हरवते आणि तो संध्याकाळी घरी येऊन बायकोशी बोलतो. त्यांचे बोलणे हाच मालिकेचा गाभा. भारती आचरेकरांची राधिका नवऱ्याला समजून घेते आणि टोचतेही, दोन्ही एकाच वाक्यात. 2021 मध्ये सब वाहिनीवर पुढच्या पिढीची मालिका आली तेव्हा हेच दोघे आईवडील म्हणून परतले, तिथे सुमीत राघवन मुलगा झाला.

त्याच सुमीतचा साहिल ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’त आहे, आणि या मालिकेवरून आमचे सर्वांत मोठे भांडण झाले. 2004 साली स्टार वनवर आलेली ही मालिका रचनेच्या दृष्टीने या सगळ्यांत तल्लख, हे मी मान्य करते. आतिश कपाडियांचे संवाद, रत्ना पाठक शाह यांची माया. सुनेच्या प्रत्येक शब्दाला, प्रत्येक खरेदीला ‘मिडल क्लास’ म्हणून नाक मुरडणारी माया पाहताना मला हसू येते आणि मग ते अडते. आमच्या पोरीला पुण्यात माया भेटणार आहे. “लोकायचं”, “कामून”, “हाव” ऐकून भुवई उंचावणारी, काही वाईट न बोलता लहान करणारी. म्हणून मी चौथा क्रमांक दिला. भाची म्हणाली, “पण मोनिषा कुठं बदलते? शेवटपावतर तशीच राह्यते. अन् सासरा तिच्याच बाजूनं असते.” तिचे म्हणणे खरे आहे. सतीश शाह यांचा इंद्रवदन सुनेसोबत उभा राहतो म्हणूनच त्या घरात श्वास घेता येतो.

‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ पाचव्या जागी एकत्र. दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, दोन्ही 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवल्या. दिवाण घराण्याचा गोंधळ आईला आवडतो, आमच्याकडेही एकत्र कुटुंब होते म्हणून. ‘श्रीमान श्रीमती’ची मूळ कल्पना, शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा, आज मला खटकते. तरी ती यादीत राहिली ती रीमा यांच्यामुळे. कोकी कुलकर्णीचा थंडपणा आणि ‘तू तू मैं मैं’मधल्या सासूची आग एकाच बाईने एकाच सुमारास साकारली, हे मी भाचीला मुद्दाम लागोपाठ दाखवले.

एक जागा मी रिकामी ठेवली आहे. या साऱ्या घरांपैकी एकही वऱ्हाडातले नाही. भारत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’त वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर नेली, त्याचा मला अभिमान आहे, पण ते प्रहसन, दहा मिनिटांचे. आठवड्याला भेटणारे वऱ्हाडी घर मला हवे आहे. बाजार समितीतून भाव ऐकून आलेला बाप, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेली शेजारीण, पुण्याहून मोबाइलवर भांडणारी पोरगी, आणि कुणी त्यांच्या बोलीला हसणार नाही असे लिहिलेले.

निघायच्या आदल्या रात्री भाचीने यादीत एकच बदल केला. नुक्कड तिसरा आणि वागले दुसरा. कारण विचारले तर म्हणाली, “कोपरा मी शोधून घेईन मावशी. दिवसभराचं सांगाले मात्र घरीच फोन करीन.” मी तो बदल तसाच ठेवला आहे.