शौचाच्या जागेचा कर्करोग : गाठ वाढली तरी उपचार आहे

विनयपिटकातील महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याच्या दुखण्याची हकीकत आहे. राजाला भगंदर झाले होते. वस्त्राला रक्त लागे आणि राण्या त्यावरून थट्टा करीत. राजा शरमला, पण त्याने दुखणे लपवले नाही. मुलगा अभय याला सांगितले, अभयाने तरुण वैद्य जीवकाला पाठवले आणि राजा बरा झाला.

राजाला कर्करोग नव्हता, भगंदर होते. पण त्या जागेच्या दुखण्याची लाज आजही तशीच आहे. धाड आणि आसपासच्या वस्त्यांत शौचातून रक्त पडले की माणूस आधी घरातल्यांपासून लपवतो, मग 'मूळव्याध असेल' म्हणून मलम, चूर्ण, कुणी सांगितलेले इंजेक्शन घेत राहतो. बहुतेकांना मूळव्याधच असते हे खरे. पण काहींना गुदद्वाराचा कर्करोग असतो. हा कर्करोग कमी आढळतो, म्हणूनच तो चटकन कुणाच्या लक्षात येत नाही आणि गाठ मोठी झाल्यावर कळतो. तेव्हा घरचे म्हणतात, आता काही उपयोग नाही. हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे, हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

केव्हा तपासावे?

रक्त पडणे, बसताना दुखणे, गाठ हाताला लागणे, न भरणारी जखम, सतत खाज, पाणी किंवा पू येणे, शौचावर ताबा न राहणे, जांघेत गाठ येणे. यांपैकी काहीही दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही तर सरकारी दवाखान्यात जावे. डॉक्टर बोटाने तपासतात, त्याला एखादे मिनिट लागते. भगिनींनी महिला डॉक्टर मागाव्यात. संशय आला तर गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय उपचार ठरत नाही, कारण गुदद्वाराचा कर्करोग आणि त्याच्या वरच्या आतड्याचा कर्करोग वेगळे असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे.

औषध आणि शेक एकत्र का?

पूर्वी या रोगावर एकच मोठी शस्त्रक्रिया होती. शौचाची जागा कायमची काढून टाकायची आणि पोटावर छिद्र करून पिशवी लावायची. १९७४ साली अमेरिकेतील डेट्रॉईटचे सर्जन नॉर्मन निग्रो यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेआधी गाठ लहान व्हावी म्हणून त्यांनी या रुग्णांना कर्करोगाची औषधे आणि किरणांचा शेक एकाच वेळी दिला होता. दोघांची शस्त्रक्रिया झाली, तर काढलेल्या भागात कर्करोग उरलाच नव्हता. तिसऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला आणि तोही ठीक राहिला. तेव्हापासून उपचाराची दिशा बदलली.

पुढे ब्रिटनमध्ये ५८५ रुग्णांवर अभ्यास झाला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. नुसता शेक घेतलेल्या दर १०० पैकी ५९ जणांचा रोग त्या जागी राहिला किंवा परतला. औषध आणि शेक एकत्र घेतलेल्यांत हे प्रमाण १०० मागे ३६ होते. औषधामुळे कर्करोगाच्या पेशी शेकापुढे कमजोर पडतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी द्यायचे.

गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असली, शेजारच्या अवयवाला चिकटली असली किंवा जांघेतल्या गाठींत उतरली असली, तरी हाच उपचार बरे करण्याच्या हेतूने देतात. मात्र रोग यकृत किंवा फुफ्फुसात गेला असेल तर उपचार मुख्यतः औषधांचा असतो. त्याचा हेतू रोग आवरणे, आयुष्य वाढवणे आणि त्रास कमी करणे हा असतो.

उपचार कसा चालतो?

शेक सोमवार ते शुक्रवार रोज, साधारण २८ वेळा, म्हणजे साडेपाच आठवडे. एका वेळचा शेक काही मिनिटांचा असतो आणि तेव्हा दुखत नाही. मायटोमायसिन हे औषध पहिल्या दिवशी शिरेतून देतात. फ्लुरोयुरॅसिल पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात चार-चार दिवस सलाईनमधून देतात. काही ठिकाणी त्याऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात. गाठीमुळे शौच अडले असेल तर आधी पोटावर तात्पुरती पिशवी लावावी लागते.

त्रास होतो, तो लपवून चालणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून त्या जागेची आणि जांघेची कातडी लाल होते, सोलते. जुलाब, तोंड येणे, थकवा, लघवीची जळजळ हेही होते. हळद, चुना, कोणताही लेप लावू नये. दवाखान्याने दिलेले मलमच लावावे, कोमट पाण्यात बसावे, सैल सुती कपडे घालावेत. पेज, वरण-भात, नीट शिजवलेले अन्न, उकळून गार केलेले पाणी द्यावे. पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून १००.४ च्या वर ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बिडी-सिगारेट बंद करावी. तिने त्रास वाढतो आणि उपचाराचा गुण कमी होतो.

तरुण भगिनींनी आधीच विचारून घ्यावे, कारण या शेकाने पाळी थांबू शकते आणि पुढे मूल होणे अशक्य होऊ शकते. योनिमार्ग आखडतो, त्यावरही उपाय असतो, तो मागून घ्यावा. पुरुषांनीही मूल होण्याबाबत आधी विचारावे.

सगळ्यात महत्त्वाचे, शेक मध्येच तोडू नये. चौथ्या आठवड्यात त्रास वाढतो, घरात मजुरी बुडालेली असते, सोयाबीनची सोंगणी आलेली असते आणि माणूस 'थोडे दिवसांनी येतो' म्हणून निघून येतो. तेवढ्यात उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे राहिले तर पुढच्या वर्षी जाता येईल. शेकाचे दिवस मात्र पुन्हा तसे मिळत नाहीत.

उपचार संपल्यावर गाठ लगेच गेली नाही म्हणून घाबरू नये. ती हळूहळू विरते. ९४० रुग्णांच्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात असे दिसले की ११ आठवड्यांनी ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती, त्यांतल्या अनेकांची २६ आठवड्यांपर्यंत गेली. तरीही उरली किंवा परतली, तर शस्त्रक्रियेचा मार्ग असतोच. म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.

कुणाचा दोष नाही

हा रोग बहुतेकांत एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागेही हाच विषाणू असतो. तो इतका सर्वत्र आहे की संसारी माणसांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधीतरी लागतो आणि बहुधा आपोआप जातो. म्हणून रुग्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. एचआयव्ही असणाऱ्यांना धोका जास्त असतो. त्यांनाही हा उपचार मिळतो, फक्त एआरटीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात आणि डॉक्टरांना सांगावे.

कुठे जावे, खर्च कसा?

बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाता येते. बाबासाहेबांनी जिथे मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते हे शहर आपल्याला परके नाही. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मुंबईत परळचे टाटा रुग्णालय हेही मार्ग आहेत. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आधार देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे किंवा १५५३८८ वर फोन करावा. एसटी आणि रेल्वेच्या तिकिटात कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे, त्यासाठी दाखला मागून घ्यावा.

महावग्गातच आणखी एक हकीकत आहे. जुलाबाने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कुणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. ज्या घरी असा रुग्ण आहे, तिथे विहार समितीने आणि महिला मंडळाने पाळ्या लावाव्यात. एकाने सोबत जावे, एकीने लेकरे सांभाळावीत, दोघांनी सोंगणीला हात द्यावा. साडेपाच आठवडे पूर्ण होतील ते अशानेच. हा लेख रविवारच्या वंदनेनंतर विहारात वाचून दाखवावा, ही विनंती. ज्याला रक्त पडते आणि जो बोलत नाही, तो कदाचित तिथेच बसलेला असेल.

जय भीम, नमो बुद्धाय.