‘क्वीन’चा शेवटचा अल्बम आणि अपुरं कडवं

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बलसारा पुढे ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या आजारात तो गेला. त्याच्या आवाजातला ‘क्वीन’चा शेवटचा अल्बम ‘मेड इन हेवन’ आला तो थेट १९९५ मध्ये, आणि त्यावरून आम्हा चाहत्यांचं आजही जमत नाही.

काहींचा आक्षेप मला पटतो. शीर्षकगीत आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही गाणी १९८५ च्या त्याच्या स्वतंत्र ‘मिस्टर बॅड गाय’ अल्बममधली. बँडमधल्या उरलेल्या तिघांनी त्याचा जुना आवाज ठेवून साथ नव्याने वाजवली. ‘आय वॉज बॉर्न’मध्ये तर गिटारचा एवढा दणका आहे, की मूळ गाण्यातला लाडिकपणा हरवतो. मला जुनंच आवडतं.

पण याच अल्बममधलं ‘मदर लव्ह’ लागलं, की माझी तक्रार उरत नाही. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे, १९९१ च्या मे महिन्यात, उभं राहणंही कठीण असताना तो हे गायला. तरी वरच्या पट्टीत आवाज कुठे कापत नाही. शेवटचं कडवं राहून गेलं. ते बँडचा गिटारवादक ब्रायन मे गायला, आणि आवाज बदलतो ती जागा साफ कळते. कुणी ती लपवलेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मुख्य म्हणजे, मला गाणी द्या, मी गाऊन ठेवतो, बाकीचं तुम्ही नंतर पुरं करा, असं फ्रेडीनेच सांगून ठेवलं होतं. हा अल्बम यायलाच हवा होता.