ओरँगउटानच्या हाकेतला ठेका

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मानवी भाषेची एक खासियत नेहमी सांगितली जाते. 'दार उघडं आहे' हे एक वाक्य. 'दार उघडं आहे असं आई म्हणाली' या वाक्यात ते जसंच्या तसं बसतं. तेही आणखी एका वाक्यात बसू शकतं. म्हणजे एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. ही क्षमता बहुधा फक्त माणसाकडेच असावी, असं २००२ साली हाउझर, चॉम्स्की आणि फिच यांनी मांडलं.

मग वानरांकडे यातलं काहीच नाही का?

त्यासाठी सुमात्राच्या जंगलात जाऊ. तिथे एक माणूस वाघाच्या पट्ट्यांची चादर पांघरून, हातापायांवर चालत, झाडावर बसलेल्या ओरँगउटान मादीच्या खालून गेला. दुसऱ्या खेपेला चादर वेगळ्या नक्षीची. गंमत बघा, पिल्लं असलेल्या माद्या लगेच ओरडल्या नाहीत. 'वाघ' नजरेआड झाल्यावर, कधी तर २० मिनिटांनी, त्यांनी धोक्याचा इशारा दिला. आधी ओरडलं असतं तर पिल्लू कुठे आहे ते कळलं असतं ना!

सुमात्रातल्या माद्यांच्या अशा इशाऱ्यांचा ठेका संशोधकांनी मोजला आणि २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात तीन थर सापडले. सुटे आवाज ठरावीक अंतराने येऊन त्यांचा गट होतो. हे गटही ठरावीक अंतराने येतात आणि त्यांची मालिका बनते. त्या मालिकांनाही स्वतःची लय असते. तबल्यातल्या मात्रा, विभाग आणि आवर्तन आठवा, म्हणजे कल्पना येईल. शिवाय वाघाच्या पट्ट्यांपुढे लय जलद व्हायची. धोका तितका खरा वाटला नाही, तर संथ आणि कमी नियमित.

इथे एक सावधगिरी हवी. ठेका म्हणजे व्याकरण नव्हे. थरांची रचना दिसली, पण प्रत्येक थराला वेगळा अर्थ आहे हे काही त्यातून सिद्ध होत नाही. तरीही हे महत्त्वाचं आहे. ओरँगउटानची आणि आपली वंशरेषा एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. तेव्हा अशी थरांची बांधणी माणसात अचानक, शून्यातून उगवली असं ठामपणे म्हणणं आता अवघड आहे.

सुमात्रातला ओरँगउटान आज अतिसंकटग्रस्त आहे. जंगल गेलं, तर भाषेच्या उगमाचा हा जिवंत पुरावाही जाईल.