२४१ म्हणजे काय?

२४१ म्हणजे काय, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, एक संख्या! पण इंग्लंडातील एकॉर्न कंपनीने १९८१ साली काढलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाचे एवढ्या उत्तराने भागत नसे. भारत सरकारने १९८४ साली सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पातून हाच संगणक आपल्या देशातील निवडक शाळांत आला होता.

त्याच्या बेसिक भाषेत २४१ म्हणजे 'प्रिंट' ही आज्ञा. त्यातील ६५०२ या प्रक्रियकाच्या लेखी मात्र २४१ म्हणजे 'वजाबाकी कर'! संख्या एकच, अर्थ दोन. म्हणून फाइलमधील संख्या कोणी वाचायच्या, हे आधी ठाऊक हवे. तबकडीवर फाइलचे नाव, लांबी आणि स्मृतीतील पत्ते नोंदलेले असत, प्रकार नसे. तो वापरणाऱ्यानेच लक्षात ठेवायचा. बेसिकमधील कार्यक्रम चुकून यंत्रभाषेतला म्हणून चालवला, तर प्रक्रियक भलतीच कामे करीत भरकटे.

नव्या सोयींसाठी या यंत्रात जादा रॉम चिप बसवता येत. प्रत्येकीला स्मृतीत १६ किलोबाइटची एकच सामायिक जागा. एकाच वर्गात सकाळी पाचवी आणि दुपारी आठवी भरावी, तशा त्या आळीपाळीने ती वापरीत. अनोळखी आज्ञा आली, की संगणक वरच्या क्रमांकाच्या चिपपासून एकेकीला विचारी, 'ही तुझी का?' जी आधी 'हो' म्हणे, तिला काम मिळे. दोन चिपमध्ये एकाच नावाची आज्ञा असली, तर खालचीची पाळी येतच नसे. म्हणून चिप कोणत्या खाचेत बसवायची, हे विचारपूर्वक ठरवावे लागे.

१९८७ साली आलेल्या आर्किमिडीज संगणकात याच कंपनीने फाइलच्या नोंदीतच १२ बिटांचा प्रकार-क्रमांक ठेवला. २ चा १२ वा घात काढा. ४०९६ क्रमांक झाले! फाइलचे नाव बदलले तरी हा क्रमांक कायम राही. २०२३ साली उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला, पण इथल्या गाड्यांवरचा एमएच-२५ तसाच राहिला, तसेच हे.

आजच्या अनेक संगणकांत प्रकार नावाच्या शेपटीवरून ओळखतात. करून पाहा: एखाद्या छायाचित्राची प्रत काढा, तिच्या नावातील 'जेपीजी' ही शेपटी बदलून 'टीएक्सटी' करा आणि फाइल उघडा. चित्राऐवजी अगम्य अक्षरे दिसतील. काही न बदलता ती बंद करा, जुनी शेपटी परत लावा. चित्र जसेच्या तसे! असे का झाले, ते आता तुम्हीच सांगा.