एका उकाराचा शोध

संगणकास ‘कोल्हापूर’ शोधावयास सांगितलें, तर ‘कोल्हापुरांत’ हें रूप तो खुशाल सोडून देतो. ‘कोल्हापुरी’ चप्पलहि त्याच्या हातून निसटते! माणसास किरकोळ वाटणारा ऱ्हस्वदीर्घांचा भेद यंत्राच्या लेखीं दोन स्वतंत्र चिन्हांचा भेद होय. अशा शोधावर विसंबून करवीरची ग्रंथसूची केल्यास कित्येक नोंदी नकळत गळतील.

अनेक रूपांस मिळून एकच सूत्र बांधण्याच्या युक्तीचें मूळ अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आहे. जावा या संगणकभाषेंतील ‘पॅटर्न’ नांवाच्या वर्गास ‘कोल्हाप[ुू]र’ असा सांचा द्यावा. चौकटी कंसांतील कोणताहि एक उकार त्यास चालतो. ‘मॅचर’ हा दुसरा वर्ग तो सांचा मजकुरावरून फिरवितो. मात्र त्यास ‘मॅचेस’ अशी आज्ञा केल्यास सबंध मजकूर सांच्याबरहुकूम लागतो, आणि ‘कोल्हापुरांत’ मधील प्रत्यय आड येतो. तेथें ‘फाइंड’ हीच आज्ञा करावी.