दिवा पडद्यावरचा आणि हातातला

एक विद्युतघट आणि एकसर जोडणीतले दोन सारखे दिवे फळ्यावर काढावेत आणि वर्गाला विचारावे, कोणता दिवा जास्त उजळेल? ‘घटाजवळचा’ असे सांगणारे विद्यार्थी हमखास निघतात. पहिल्या दिव्याने थोडी वीज ‘खाल्ली’, दुसऱ्याला उरलेली मिळाली, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्ष जोडणी करून पाहावी तर बाजारातले दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात. एखादा जरा मंद पेटला, की चुकीच्या समजुतीला पुरावाच मिळतो!

अडचण अशी, की विद्युतधारा डोळ्यांना दिसत नाही. आभासी प्रयोगशाळेचा खरा उपयोग इथे आहे. नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातील विद्युत परिपथाच्या संचात तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांच्या रूपात दिसतात. दिव्यात जितके शिरतात तितकेच बाहेर पडतात, आणि ‘खाल्ली’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

याच विद्यापीठातील नोआ फिंकेलस्टाईन व सहकाऱ्यांनी २००५ साली एक तुलना प्रसिद्ध केली. भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गातील काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा-दिव्यांवर प्रयोग केला, तर काहींनी फक्त संगणकावर. नंतर सर्वांना खऱ्या साहित्याचा परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण लिहायला सांगितले. संगणकवाले त्यात सरस ठरले. सत्राच्या परीक्षेत परिपथांवरील प्रश्नही त्यांनी अधिक चांगले सोडवले.

हा निष्कर्ष हाती आला म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप घालायला कोणी निघेल, तर त्याने एवढे पाहावे, की कसोटी खऱ्या तारांवरच घेतली होती. शिवाय हे विद्यार्थी महाविद्यालयीन वयाचे होते आणि प्रयोग विजेचा होता. रसायनांचा वास, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी नीट बसवणे, लंबकाचे दोलन तीनदा मोजून तीन वेगळी उत्तरे येणे, या गोष्टींबद्दल तो काही सांगत नाही.

पडद्यावरचे चित्रही जपून वापरावे लागते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पिअर धारा वाहताना इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर इतकेच पुढे सरकतात. म्हणजे मीटरभर तार ओलांडायला जवळजवळ पावणेचार तास! मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? हा प्रश्न मुलांकडून आला नाही, तर आपणच विचारावा. सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी चालू लागतात, हे निळ्या गोळ्यांकडे बोट दाखवून सांगता येते.

क्रम असा ठेवता येईल: आधी भाकीत वहीत लिहून घ्यावे, मग पडदा, मग खरा घट. ‘फेट’चे प्रयोग विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात. खऱ्या घटावर दिवा लागला नाही, तर लगेच मदतीला धावू नये. सैल जोड, गंजलेले टोक, उतरलेला घट यांतले नेमके काय, ते मुलांना शोधू द्यावे.